मेट्रनबाई आणि पेट्रोलची नळी

मेट्रनबाईंसारखं नाक मुरडणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. नाक आपण सगळेच मुरडतो, पण तेवढ्यापुरतं. बाईंचं नाक सकाळी वॉर्डात शिरताना जे मुरडलेलं असे, ते दिवेलागणीला खोलीवर जाईपर्यंत सरळ होत नसे. डॉक्टर भित्रट, नर्सा आळशी, नवरे बिनकामाचे, सासवा कजाग आणि ट्रस्टी नुसते फोटोपुरते, अशी त्यांनी जगाची वाटणी करून टाकली होती. नुकत्याच जन्मलेल्या मुलाबद्दल मात्र त्यांचं मत बरं असे. "अजून बोलायला लागलं नाही ना, म्हणून," असं त्या म्हणत.

आमचं प्रसूतिगृह अंधेरीला, स्टेशनच्या पूर्वेला होतं. कुणा व्यापाऱ्यानं आईच्या नावानं आपला जुना बंगला धर्मादाय दिला होता, त्यात खाटा टाकलेल्या. लढाई संपून सहा-सात वर्षं झाली होती. लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी व्हॅन ट्रस्टनं घेतली आणि आसपासच्या गावांतल्या अडलेल्या बायकांना आणायला ड्रायव्हर म्हणून मला ठेवलं. मरोळला तेव्हा कारखान्यांची वसाहत नव्हती. भातखाचरं, ताडाची झाडं आणि दगडाच्या खाणी, एवढंच. माझे वडील गिरणीत होते, गाव राजापूरकडचं. मी गिरणीत न जाता मोटारीवर गेलो म्हणून घरात मला जरा मान होता. बाईंपाशी तो चालला नाही.

पहिल्या दिवशी मी गाडी पुसून, केसांना तेल लावून पोर्चमध्ये उभा राहिलो. बाई पायऱ्या उतरून आल्या. उंच, हाडकुळ्या, पांढरं पातळ, वर पांढरा एप्रन. त्यांनी आधी माझा वास घेतला, मग गाडीचा.

"हा कसला वास?"

"पेट्रोलचा, बाई."

"का येतो?"

मला हसू आलं. "पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार ना."

"माझ्याकडे रॉकेलचा स्टोव्ह आहे," बाई म्हणाल्या. "त्याचं रॉकेल बाहेर यायला लागलं तर मी तो विझवते आणि दुरुस्त करून घेते. तू काय करतोस? केसांना तेल लावतोस. उघड ते झाकण."

मी बॉनेट उघडलं. टाकीकडून येणारा पेट्रोलचा पाइप धातूचा, सांगाड्याला घट्ट बसवलेला. पण इंजिन चालताना हलतं, म्हणून त्या पाइपापासून इंजिनावरच्या पंपापर्यंत वीतभर रबरी नळी होती. तीही लढाईच्या काळातली. वरचं कापड कुजलेलं, आतलं रबर वाळून कडक झालेलं, एका टोकाला काळसर ओल. त्या ओलीवर कुणीतरी कपडे धुवायचा साबण थापून चिंधी गुंडाळली होती.

"हे काय?"

"साबण, बाई. त्यानं गळती थांबते. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं लावलाय."

"आणि नळी?"

"नळी तीच."

"म्हणजे जखम तशीच, वर पावडर," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. साबण मी लावलेला नव्हता, पण त्या नजरेत असे बारकावे नसत.

मिस्त्रीला त्या साबणाचा भारी अभिमान. स्टेशनजवळ पत्र्याखाली त्याचं गॅरेज होतं. लढाईत आपण लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, असं तो गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायच्या आधी सांगे. बाई स्वतः चालत त्याच्याकडे गेल्या. मी मागे. नळी का बदलली नाही, असं त्यांनी विचारल्यावर मिस्त्री हसला. "बाई, ये साबुन बर्मा तक गया है. पूरी लडाई साबुन पे चली."

"म्हणूनच इतकी वर्षं चालली," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

वॉर्डातल्या रबरी नळ्यांना बाईंचा एक नियम होता. नळी बोटाभोवती वाकवायची, ताणलेली बाजू उजेडात धरायची आणि बारीक भेगा दिसल्या की ती कचऱ्यात टाकायची. गळेपर्यंत थांबायचं नाही. नर्सा कुरकुरत, डॉक्टर हळूच म्हणत, "अजून महिनाभर गेली असती, मेट्रन." बाई म्हणत, "नळी गेली असती, पण कोणावर?" तोच नियम त्यांनी माझ्या गाडीला लावला. मला बॉनेटपाशी उभं करून त्यांनी एनिमाच्या नव्या नळीचा तुकडा माझ्या बोटाभोवती वाकवला आणि म्हणाल्या, "हे रबर. तुझ्या गाडीत आहे ते लाकूड. बाईच्या अंगात जाणारी नळी मी चिरण्याआधी बदलते. इथे तर सबंध बाईच गाडीच्या पोटात बसते."

हे एवढं कडू बोलणं बाईंच्या तोंडी कुठून आलं, ते मला पुढे हळूहळू कळलं. त्या मालवणकडच्या. लहान वयात नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी पाठवून दिलं, माहेरच्यांना ओझं झाल्या. मग मुंबईत येऊन नर्सिंग शिकल्या. पार्ल्या-अंधेरीच्या बंगल्यांतून त्यांना घरी बोलावणं येई. कळा चालू असेपर्यंत "बाई, तुम्हीच आता देव," आणि बाळ बाहेर आलं की बाईंना चहा बाहेर ओटीवर, वेगळ्या कपात. कारण नर्स म्हणजे कशाकशाला शिवलेली. एकदा मी गाडीपाशी उभा असताना त्यांनी असला कप उचलला, यजमानांच्या देखत शेवंतीच्या कुंडीत ओतला आणि म्हणाल्या, "या झाडाला हा कप चालतो ना, ते विचारायचं राहिलं." यजमान वकील होते. ते कुंडीकडे बघत राहिले.

पण बाईंच्या तिरस्काराचा खरा मानकरी होता आमचा सेक्रेटरी. शेअरबाजारातून उरलेला वेळ परोपकाराला देणारा गृहस्थ. सिगारेट सतत ओठात, आणि ती काढायची वेळ आली तरच काढायची अशी सवय, त्यामुळे बोलणं अर्धवट फुटे. वॉर्डात गळणारं छप्पर असो की तुटकी खाट, त्याचं एकच ठरलेलं वाक्य: "चालतंय ना? मग चालू दे." नळीबद्दल बाई बोलायला गेल्या तेव्हाही त्यानं तेच म्हटलं.

"बाळंतपणातही तेच करू?" बाईंनी विचारलं. "मूल आडवं असलं तरी, चालतंय ना, मग चालू दे?"

"मेट्रन, वॉर्ड तुमचं खातं. गाडी माझं खातं."

"मग तुमच्या खात्यातून माझ्या खात्यात बायका जिवंत पोचत्या करा."

आपल्याला गाड्यांतलं कळतं हे दाखवायला सेक्रेटरी तसाच बाहेर आला आणि उघड्या बॉनेटवर वाकला. सिगारेट पेटलेली. मी तोंड उघडण्याआधी बाईंचा हात पुढे झाला. त्यांनी ती सिगारेट त्याच्या ओठांतून, वॉर्डात दोन बोटांनी टाक्याचा धागा ओढावा तशी ओढून काढली आणि फरशी पुसायच्या बादलीत टाकली. चर्र आवाज झाला. सेक्रेटरीचे ओठ तसेच पुढे राहिले होते. "आता बघा हवं तितका वेळ," बाई म्हणाल्या. त्यानं काही बघितलं नाही. नळीही बदलली नाही.

उन्हाळ्यात एके सकाळी मरोळहून निरोप आला. खाणीवरच्या एका कामगाराची बायको अडली होती. पहिलटकरीण. बाई स्वतः निघाल्या. येताना मागे स्ट्रेचरवर ती बाई, शेजारी तिची सासू आणि मेट्रनबाई. पुढे माझ्या बाजूला तिचा नवरा, घामानं भिजलेला, सारखा मागच्या छोट्या खिडकीतून डोकावणारा. दगडी रस्त्यानं गाडी आपटत चालली होती. खाचरं संपून ताडांची रांग लागली तिथे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पाठोपाठ असा वास आला की डोळे चुरचुरले.

माझा हात सवयीनं स्टार्टरकडे गेला.

"हात काढ!" खिडकीतून बाई ओरडल्या. मी हात काढला. तेवढ्यात शेजारच्या बिचाऱ्या नवऱ्यानं धीर यावा म्हणून तोंडात विडी धरली आणि काड्यापेटी उघडली. बाईंचा हात खांद्यापर्यंत खिडकीतून पुढे आला आणि त्याच्या मनगटावर असा बसला की काड्यापेटी उडून रस्त्यावर पडली. बाई चिडल्या की मालवणीत जात. "मेल्या, बापूस होवचा आसा ना तुका? मग उतर खाली! उचल बायलेक!"

आम्ही चौघांनी स्ट्रेचर बाहेर काढलं. बाईंनी पदराचं टोक वर धरून वारा कुठला ते पाहिलं आणि वारा येत होता त्या बाजूला, गाडीपासून लांब, ताडांखाली झावळ्यांचं खोपटं होतं तिकडे नेलं. पहिलटकरणीला खाली ठेवल्यावर मेट्रनबाई मला म्हणाल्या, "माणसं झाली. आता गाडी बघ. आग दिसली तर जवळ जायचं नाही. गाड्या लिलावात मिळतात."

मी धावत जाऊन सीटखालची टाकीची तोटी बंद केली आणि बाहेर उडी मारली. नळी साबणासकट उभी चिरली होती आणि पेट्रोल इंजिनाच्या तापलेल्या पाइपावर पडत होतं. मी दहा-बारा पावलं लांब आलो असेन, तोच बॉनेटच्या फटीतून भप्पकन जाळ निघाला. टाकीची तोटी बंद होती म्हणून त्याला पुढे खायला काही मिळालं नाही. खाणीकडे निघालेली दोन माणसं आणि मी, आम्ही लांबूनच बांधावरची माती फेकत राहिलो. जाळ बसला. वायरी जळल्या, बॉनेटचा रंग फुगून काळा झाला, पण गाडी राहिली.

खोपट्यातून रडणं ऐकू आलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुलगी झाली होती. सासू बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "मुलगीच झाली रे." बाई तिच्या मागोमाग आल्या. "ती मुलगी आणि तिची आई अर्ध्या तासापूर्वी त्या जाळात असत्या, आणि तुम्ही पण," त्या म्हणाल्या. "आधी तिला हातात घ्या. मग मुरडा नाक." नाक मुरडण्यावर बाईंची मक्तेदारी होती, दुसऱ्या कुणी ते केलेलं त्यांना खपत नसे.

आई आणि मुलगी बैलगाडीतून अंधेरीला आल्या. बैलगाडीची वाट बघताना बाई एका ताडाला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात एप्रनखाली घातले आणि स्वतःच्याच हातांना शिवी दिली. "मेले, काम झाल्यावर नाचतात," म्हणाल्या. मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि लोटा अस्वच्छ आहे म्हणून सांगितलं.

एवढं झाल्यावर तरी नळी बदलेल असं मला वाटलं होतं. पण सेक्रेटरीला त्या आगीत एकच गोष्ट दिसली. ट्रस्टचा वार्षिक समारंभ तोंडावर आला होता, घाटकोपरचे एक मोठे देणगीदार शेठजी सपत्नीक येणार होते आणि गाडीचा रंग गेला होता. गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीनं नव्या वायरी घातल्या, नळीचा चिरलेला भाग कापून उरलेला आखूड तुकडा ताणून, तारेनं आवळून पुन्हा बसवला, वर साबण. बॉनेटला पांढरा शुभ्र रंग, त्यावर निळ्या अक्षरांत ट्रस्टचं नाव. सेक्रेटरी गाडीभोवती फिरून खूश झाला. "काय मेट्रन, कशी दिसते?"

"छान," बाई म्हणाल्या. "जळताना शोभून दिसेल."

समारंभाच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी बाई पोर्चमध्ये आल्या. हातात ट्रे, त्यात पक्कड नव्हे, शस्त्रक्रियेचा चिमटा आणि औषधाच्या बाटलीचं एक बूच. "नळी काढ," म्हणाल्या.

"बाई, सेक्रेटरी साहेब पाहुण्यांना गाडीतून फिरवणार आहेत. माझी नोकरी जाईल."

"तू काढलीस तर तुझी जाईल. मी काढली तर माझी. बाजूला हो. कुठली तार सोडायची तेवढं बोटानं दाखव."

मी दाखवलं. त्यांनी चिमट्यानं तार उलगडली, नळी ओढली आणि पेट्रोलचा थेंब सांडायच्या आत पाइपाच्या तोंडात बूच बसवलं. नळी रुमालात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली आणि आत गेल्या. नर्सांना वाटलं, एखादी केस आहे.

भाषणं झाली, हार झाले. सेक्रेटरी पाहुण्यांना घेऊन पोर्चमध्ये आला. "शेठाणीबाई, आपल्या देणगीतून ही सेवा चालते. या, गेटपर्यंत एक चक्कर मारू." आणि मला, "चालव रे."

"चालणार नाही, साहेब. पेट्रोलची नळी नाही."

"नळी कुठे गेली?"

"इथे आहे," मागून बाई म्हणाल्या. ट्रे दोन्ही हातांवर धरून त्या पुढे आल्या, रुमाल उलगडला आणि नळी उचलून शेठाणीबाईंच्या डोळ्यांसमोर वाकवली. ती कडक पापडासारखी मोडली. एक तुकडा सेक्रेटरीच्या बुटावर पडला. "आजवर या नळीच्या भरवशावर आम्ही दिवस भरलेल्या बायका आणतो," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात गाडी पेटली. तो पेटलेला भाग हा, नवा रंग दिलाय तो. बसा ना."

शेठाणीबाईंनी नळीचा तुकडा हातात घेतला, हुंगला आणि नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आपली सून यातून आली असती तर?" शेठजींनी सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरी हसत म्हणाला, "बदलणारच होतो, उद्याच." त्याच्या ओठात त्या वेळी सिगारेट नव्हती, तरी बोलणं अर्धवटच फुटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नवी हिरवी नळी घेऊन आला. बागेला पाणी घालायची. बाईंनी तिचा तुकडा कापून वाटीत पेट्रोल ओतून त्यात टाकला आणि वाटी बाहेरच्या कट्ट्यावर झाकून ठेवली. दोन-तीन दिवसांनी झाकण काढलं तर तुकडा फुगून, मऊ पडून, भिजलेल्या पावासारखा झाला होता. मिस्त्री बघून म्हणाला, "पानी में तो अच्छी रहती है." "मग तुझ्या गाड्या पाण्यावर चालव," बाई म्हणाल्या आणि मला घेऊन त्याच दुपारी शहरात निघाल्या. ऑपेरा हाउसकडे मोटारीच्या सामानाची दुकानं होती. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, "कौनसी गाडी के लिए?"

"जिच्यात माणसं बसतात अशी," बाई म्हणाल्या.

त्यानं आधी एक नळी दाखवली, बाईंनी ती वाकवून परत दिली. दुसरी दाखवली, तीही परत. तिसरी त्यानं आतून, कागदात गुंडाळलेली आणली. खास पेट्रोलसाठी केलेली, काळी, जाड, मऊ. बाईंनी ती बोटाभोवती वळवली, उजेडात धरली आणि नाक मुरडलं, पण परत दिली नाही. बाईंची पसंती अशीच असे. टाकीच्या तोंडाशी असते ती जाड नळीही त्यांनी घेतली आणि तारेऐवजी पितळी क्लिपा घेतल्या.

परत येताना माहीमच्या नाक्यावर टॅक्सी थांबवली. दारूबंदी आली होती आणि टायरच्या ट्यूबांत भरून दारू नेतात म्हणून पोलीस रबराची प्रत्येक वस्तू दाबून बघत. खरं तर दारू शहरात जायची आणि आम्ही शहराबाहेर चाललो होतो, पण हवालदाराला बाईंच्या मांडीवर नळ्यांचं भेंडोळं दिसलं एवढं पुरे होतं. "यातून काय नेता?"

"अजून काही नाही. नव्या आहेत."

"आणि त्या पिशवीत?" त्यानं पिशवीतून वॉर्डासाठी घेतलेली तांबडी नळी ओढून काढली. "हिच्यातून काय जातं?"

"हवालदारसाहेब, तुम्ही त्या बाकावर आडवे व्हा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी दाखवते. एनिमाची आहे." मागे थांबलेल्या टॅक्सींतली माणसं हसायला लागली. हवालदारानं नळी पिशवीत परत घातली आणि सलाम ठोकला.

नळ्या मी बसवल्या, पण बाई डोक्यावर उभ्या. आधी धातूच्या पाइपाचं टोक घासून साफ करायला लावलं, गंजाच्या कंगोऱ्यानं नवी नळी आतून कापू नये म्हणून. मग नळी तापणाऱ्या पाइपापासून लांब, सैलसर वळवून. क्लिप घट्ट, पण रबरात रुतेल इतकी नाही. टाकीच्या तोंडाची जुनी नळी काढली तेव्हा कळलं, तीही चिरलेली होती आणि पेट्रोलची वाफ मागे बायकांच्या नाकातोंडात जात होती. "वाटेत ओकतात त्या कळांनी ओकतात असं मी इतके दिवस समजत होते," बाई म्हणाल्या. "आपण सगळेच गाढव." आपण या शब्दात त्यांनी स्वतःला धरलं, असं मी तेव्हा प्रथमच ऐकलं.

त्यानंतर रोज सकाळी इंजिन चालू करून प्रत्येक सांध्याखाली पांढऱ्या कापसाचा बोळा धरायचा आणि तो बाईंना नेऊन दाखवायचा, असा माझा शिरस्ता झाला. बाई तो हुंगत आणि परत देत. शाबासकी कधी मिळाली नाही. "आज वास नाही," एवढंच. नळी दिसायला चांगली असतानाच बदलायची हेही त्यांनी लावून दिलं, आणि वर्षभरानं मी चांगली दिसणारी नळी कापून पाहिली तेव्हा आतून तिला केसाएवढ्या भेगा होत्या. मी पुढे आयुष्यभर गाड्यांवरच पोट भरलं. माझ्या हाताखालून कितीतरी जुन्या व्हॅन गेल्या, शाळेच्या, बेकरीच्या, प्रेतं नेणाऱ्यासुद्धा. साबण लावून दे म्हणणारी माणसं सगळीकडे भेटली. त्यांच्याशी गोड बोलायला मला कधी जमलं नाही. ती बाईंची देणगी.

सेक्रेटरीनं सूड घ्यायला घाई केली नाही. तेवढी अक्कल त्याला होती. शेठजींचा पुढे ट्रस्टशी संबंध उरला नाही, आणि मग एक दिवस मेट्रनसाठी वयाचा नवा नियम निघाला. तो बाईंना जेमतेम लागू होत होता आणि दुसऱ्या कुणालाच नाही. निरोपसमारंभ झाला. सेक्रेटरी त्यागाबद्दल बोलला, डॉक्टर मायेबद्दल बोलले, शाल आली. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. "माझ्याबद्दल इतकं चांगलं इतक्या लोकांना ठाऊक होतं आणि इतकी वर्षं कुणी तोंडातून काढलं नाही," त्या म्हणाल्या. "संयम म्हणतात तो हाच." शाल त्यांनी वॉर्डातल्या आयाला देऊन टाकली.

त्या मालवणला परत जाणार होत्या. भाऊच्या धक्क्यावरून बोट होती. खासगी कामाला गाडी द्यायची नाही, असं सेक्रेटरीनं बजावलं होतं. सकाळी डॉक्टरांनी मला हळूच बाजूला घेतलं. "ब्रेक दुरुस्त केलेस ना? एकदा लांबवर चालवून बघायला हवी गाडी. धक्क्यापर्यंत वगैरे." भित्रट माणसाचा तो बहुधा सगळ्यात धाडसी दिवस असावा. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उशिरा का होईना, पाठीला कणा फुटला." आणि पुढे माझ्या शेजारी बसल्या.

धक्क्यावर कोकणी माणसांची झुंबड, ट्रंका, केरसुण्या, कोंबड्या. मी ट्रंक उतरवली आणि पाया पडायला वाकलो. बाई मागे सरल्या. "हात धुळीनं भरतील. तेच हात परत गाडीला लावशील." माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपण्यासारखं नव्हतं.

"रडतोस काय?" बाई म्हणाल्या. "रडणाऱ्या ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही. अंधेरीपर्यंत जायचंय तुला. डोळे पूस आणि मग निघ."

"पत्ता द्या बाई, पत्र टाकीन."

"काय लिहिणार? वास नाही म्हणून?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग माझ्या सदऱ्याला सुरकुती आहे म्हणून तो झटकल्यासारखं केलं. "वास नाही, असंच राहू दे. ते कळवायची गरज नसते."

पत्ता त्यांनी दिला नाही. पुढे मालवणकडून येणाऱ्या माणसांना मी विचारत राहिलो. कुणी म्हणे आचऱ्याला बाळंतपणं करतात, कुणी म्हणे गेल्या. खरं काय ते मला कळलं नाही.

बोट सुटली तेव्हा धक्क्यावर सगळ्यांचे हात वर होते आणि बोटीवरूनही सगळे हात हलवत होते. मी बाईंना शोधत होतो. त्या कठड्यापाशी सापडल्या, पण धक्क्याकडे पाठ करून. समोर बोटीचा एक थोराड खलाशी दोरखंड हातात घेऊन उभा होता आणि बाई त्याला काहीतरी सुनावत होत्या. तो खाली मान घालून ऐकत होता.